चाळणीची भोके कुणी ठरवायची?

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात सॉफ्टवेअरवरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. असले विषय विज्ञान शाखेच्या मंडळींना शोभतात, आपण आपले संत-पंत-तंत यांच्यात रमावे, असे आपल्यापैकी पुष्कळांना मनापासून वाटते. पण ज्या गोष्टीविषयी मी लिहिणार आहे ती यंत्राची कमी आणि वाक्याची जास्त आहे. वाक्यात कोणता शब्द चालेल, कोणता चालणार नाही आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, एवढाच तिचा गाभा. आज या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी भाषेशी फारसा संबंध न आलेली माणसे, संगणकाच्या पडद्यावरच्या दहा-वीस चौकटींत खुणा करून, देऊन मोकळी होतात. ते आपल्याला ठाऊकही नसते.

मोटारीचा ब्रेक असो, रुग्णालयात सलाइनचे थेंब मोजणारे यंत्र असो, रेल्वेचा सिग्नल असो की बँकेचा हिशेब ठेवणारा कार्यक्रम असो, ती वस्तू बनवण्यापूर्वी तिने काय केले पाहिजे हे लिहून काढावे लागते. या लेखी वाक्यांना त्या धंद्यात 'रिक्वायरमेंट' म्हणतात. 'आवश्यकता' हा मराठी शब्द आहे, परंतु पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत तो या अर्थाने कुणाच्या तोंडी नाही. म्हणून मीही रिक्वायरमेंटच म्हणतो. मोठ्या कामात अशी वाक्ये हजारांनी असतात. ती लिहिणारा एक, त्याप्रमाणे वस्तू घडवणारा दुसरा आणि ती तशी घडली की नाही हे तपासणारा तिसरा. पुष्कळदा तिघे तीन देशांत बसलेले. त्यांच्यामध्ये दुवा एकच, तो म्हणजे ते वाक्य.

आता असे वाक्य घ्या : 'पेडल दाबल्यावर गाडी लवकर थांबली पाहिजे.' लवकर म्हणजे किती? गाडीचा वेग किती धरायचा? रस्ता कोरडा की पावसाळ्यातल्या खंडाळ्याच्या घाटातला? लिहिणाऱ्याच्या मनात काही एक आकडा असेलही, पण तो कागदावर उतरलेला नाही. घडवणाऱ्याने आपल्या समजुतीने एक 'लवकर' घडवला, तपासणाऱ्याने आपल्या समजुतीने दुसराच 'लवकर' तपासला आणि दोघांनीही सह्या केल्या. कवितेत अशा शब्दाला आपण सूचक म्हणून डोक्यावर घेतो. ब्रेकच्या बाबतीत तोच शब्द माणूस मारू शकतो.

असे निसरडे शब्द हुडकण्यासाठी सॉफ्टवेअर वापरायचे ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९८० च्या आसपास लॉरिंडा चेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखन तपासणारे काही छोटे कार्यक्रम तयार केले होते. त्यांपैकी एकाचे नाव होते 'डिक्शन'. त्याच्याजवळ पाल्हाळिक आणि सदोष शब्दप्रयोगांची एक यादी असे. तुमच्या मजकुरात त्यांतला कोणता प्रयोग सापडला की तो खूण करून दाखवी. पुढे १९९० नंतरच्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्रातील विल्सन, रोझेनबर्ग आणि हायट या तिघांनी हीच युक्ती रिक्वायरमेंटला लावली. नासाच्या अनेक प्रकल्पांची कागदपत्रे चाळून त्यांनी शब्दांचे गट पाडले. 'शॅल', 'मस्ट', 'विल' हे आज्ञा देणारे शब्द एका गटात. 'कॅन', 'मे' हे सूट देणारे दुसऱ्यात. आणि 'पुरेसा', 'योग्य त्याप्रमाणे', 'वेळेवर', 'सोपा', 'परिणामकारक', 'नॉर्मल' या अर्थाचे इंग्रजी शब्द 'दुबळे' म्हणून तिसऱ्यात. आज बाजारात असलेली या प्रकारची सॉफ्टवेअरे बव्हंशी याच वाटेने चालतात. वाक्य वाचायचे, शब्द याद्यांशी ताडून पाहायचे, गुण द्यायचे. चांगले वाक्य हिरवे, वाईट तांबडे.

थोडक्यात ही एक चाळणी आहे. आणि चाळणीविषयी घरातल्या कुठल्याही बाईला जे ठाऊक असते तेच इथे लागू आहे. गव्हाची चाळण वेगळी, रव्याची वेगळी, मैद्याची वेगळी. एका चाळणीने सगळे चाळू गेल्यास एकतर खडे खाली पडतात किंवा धान्यच वर अडकते.

म्हणूनच या सॉफ्टवेअरांत सेटिंग बदलण्याची सोय असते. यादीत शब्द घालता येतो, काढता येतो, एखादी तपासणी सबंध बंद करता येते, कोणत्या दोषाला किती वजन द्यायचे ते ठरवता येते. ही सोय मागाहून सुचलेली नव्हे. बेल प्रयोगशाळेच्या 'डिक्शन'मध्येही वापरणाऱ्याला स्वतःची यादी जोडण्याची, इतकेच नव्हे तर मूळची यादी बाजूला ठेवण्याची मुभा होती. ज्या बाईंनी चाळणी विणली त्यांनाच कळून चुकले होते की भोके सर्वांना सारखी पुरणार नाहीत.

आणि खरोखरच ती पुरत नाहीत. 'नॉर्मल' हा शब्द घ्या. 'नॉर्मल परिस्थितीत यंत्र चालू राहील' या वाक्यात तो दुबळा, कारण नॉर्मल कशाला म्हणायचे हे सांगितलेले नाही. पण भूमितीत नॉर्मल म्हणजे पृष्ठभागावरचा लंब. तिथे त्याच्याइतका काटेकोर शब्द नाही. आणि रुग्णालयात नॉर्मल सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी. तिथे तो शब्द गाळणे म्हणजे रोग्याशी खेळणे. 'सपोर्ट' हे क्रियापद संगणकवाल्यांच्या लेखी पळपुटे, पण पूल बांधणाऱ्याच्या लेखी सपोर्ट म्हणजे प्रत्यक्ष टेकू. 'सर्व' आणि 'नेहमी' या शब्दांकडेही ही सॉफ्टवेअरे संशयाने पाहतात, कारण 'सर्व' लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सर्व क्वचितच असते. ही शंका मोठी रास्त आहे. पण 'सर्व दरवाजे बंद झाल्याखेरीज गाडी सुटता कामा नये' या वाक्यातला 'सर्व' काढून दाखवा पाहू!

यापुढची गोष्ट अधिक गमतीची आहे. सक्ती दाखवायला इंग्रजीत शब्द कोणता वापरावा, 'शॅल' की 'मस्ट'? रिक्वायरमेंटविषयी २०११ साली निघालेला आणि २०१८ मध्ये सुधारलेला जो आंतरराष्ट्रीय मानक-ग्रंथ आहे, आयएसओ २९१४८, तो सांगतो की 'शॅल' वापरा, 'मस्ट' टाळा. अमेरिकन सरकारची सोप्या भाषेविषयीची मार्गदर्शिका नेमके उलटे सांगते : 'मस्ट' वापरा, 'शॅल' टाळा. आणि इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले जातात त्यांच्यापुरता स्कॉट ब्रॅडनर यांनी १९९७ च्या मार्चमध्ये असा दंडक घातला की दोन्हींचा अर्थ एकच समजावा. त्यातही पुढे घोळ झालाच. हे शब्द ठळक मोठ्या अक्षरांत लिहिले तर सक्तीचे, पण साध्या बारीक अक्षरांत आले तर काय? त्याचा खुलासा यायला २०१७ साल उजाडावे लागले. मोठ्या अक्षरांत असेल तरच तो खास अर्थ, असे तेव्हा ठरले. (आपल्या देवनागरीत मोठी-लहान अक्षरेच नाहीत. एका भांडणातून तरी आपण सुटलो!)

कुणी म्हणेल, हे परदेशातल्या पंडितांचे कज्जे आहेत. मग आपल्या सर्वोच्च न्यायालयाकडे या. संविधानाच्या कलम ३२० मध्ये म्हटले आहे की सरकारी नोकरावरील शिस्तभंगाच्या प्रकरणांत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल. तिथे शब्द 'शॅल' आहे. पण १९५७ साली उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात न्यायालयाने ठरवले की हा 'शॅल' बंधनकारक नाही, केवळ दिशा दाखवणारा आहे. न्यायाधीशांनी शब्द एकटा वाचला नाही. सबंध कलम वाचले, त्यामागचा हेतू पाहिला, तो पाळला नाही तर काय परिणाम होतो हे पाहिले आणि मग निर्णय दिला. तो पटो वा न पटो, त्याची कारणे छापलेली आहेत. साठ-सत्तर वर्षांनंतरही कुणीही ती काढून वाचू शकतो आणि त्यांच्याशी भांडू शकतो.

माझा सगळा आक्षेप इथून सुरू होतो. सेटिंग बदलण्याला माझा विरोध नाही. बदलले नाही तर चाळणी निरुपयोगी आहे हे वर आलेच. विरोध आहे तो गुपचूप बदलण्याला. कचेरीत हे कसे घडते याची कल्पना करणे अवघड नाही. काम सोमवारी ग्राहकाकडे जायचे आहे. शुक्रवारी संध्याकाळी पडद्यावर चारशे वाक्ये तांबडी दिसताहेत. ती एकेक काढून, लिहिणाऱ्याला गाठून, 'लवकर' म्हणजे किती सेकंद हे विचारून दुरुस्त करायची तर पंधरवडा हवा. आणि दुसरा उपाय एका क्षणाचा आहे. 'दुबळे शब्द' या चौकटीतली खूण काढून टाका, चारशेची चाळीस होतात. वाक्य एकही बदललेले नाही. 'लवकर' जिथे होता तिथेच आहे. पण कागद हिरवागार झाला आणि साहेबांना गुण दाखवता आले.

परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याच्याच हाती उत्तीर्णतेची मर्यादा ठरवण्याचे काम दिले तर निकाल शंभर टक्के लागेल, यात नवल ते काय! आपल्याकडे निदान ग्रेस मार्क देताना तसा नियम दाखवावा लागतो. इथे तेवढेही नाही. ज्याच्या लेखनाची परीक्षा व्हायची त्याच्याच टेबलावर परीक्षेची कळ ठेवलेली असते आणि कळ फिरवल्याची खूण अंतिम कागदावर कुठेच उमटत नाही. पुढे तो कागद वाचणाऱ्याला फक्त हिरवा रंग दिसतो. कोणत्या चाळणीतून आलेला हिरवा, हे त्याला कधीच कळत नाही.

यावर धंद्यातल्या मंडळींचे उत्तर मला ठाऊक आहे. ते म्हणतात, अहो, शब्दांच्या चाळणीने अपघात थोडेच थांबतात? आणि ते सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळापाशी नष्ट झालेल्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'चे उदाहरण देतात. त्या यानाच्या बाबतीत रिक्वायरमेंट अगदी स्वच्छ होती. आकडे मेट्रिक मापात, न्यूटन-सेकंदांत द्यायचे असे लिहिलेले होते. तरी जमिनीवरच्या एका कार्यक्रमाने ते पौंड-सेकंदांत दिले. प्रत्येक आकडा सुमारे साडेचार पटींनी चुकला, यान ठरल्यापेक्षा फार खालून गेले आणि गमावले. वाक्य निर्दोष, शब्द निर्दोष, पण ते पाळलेच नाही, त्याला चाळणी काय करणार? हे उत्तर बिनतोड आहे आणि मी ते मान्य करतो. चाळणी खडे काढते, भात शिजवत नाही.

पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात दुसरे एक यान गेले, 'मार्स पोलर लँडर'. त्याची कथा माझ्या बाजूची आहे. यानाचे पाय जमिनीला टेकले की इंजिन बंद व्हायचे होते. पाय टेकल्याचे कळावे म्हणून पायांत संवेदक बसवले होते. आता आकाशात असताना पाय उघडतात, त्या हिसक्याने संवेदकाला क्षणभर 'टेकलो' असा भास होऊ शकतो, हे वरच्या पातळीवरच्या मंडळींना माहीत होते. म्हणून ठराविक उंचीच्या खाली येईतो संवेदकाचे म्हणणे विचारात घेऊ नये, असे त्यांनी लिहिले होते. पण असे का, पाय उघडताना खोटा इशारा येतो म्हणून, हे कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कागदापर्यंत पोहोचलेच नाही. खोटा इशारा आधीच नोंदला गेला, तो पुसला गेला नाही आणि जमीन सुमारे चाळीस मीटर खाली असताना इंजिन बंद झाले असावे, असा चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. पुरावा द्यायला यान उरले नव्हते म्हणून 'असावे'. नियम एका हातातून दुसऱ्या हातात गेला, कारण मात्र वाटेत गळाले.

सेटिंगचेही असेच आहे. 'नॉर्मल' यादीतून काढला, ठीक. पण आम्ही भूमितीचे काम करतो म्हणून काढला, हे कुणी लिहून ठेवले नाही. दोन वर्षांनी तीच यादी उचलून दुसऱ्या गटाने इस्पितळातल्या यंत्रासाठी वापरली. आता 'नॉर्मल तापमान' हे वाक्य त्यांच्या चाळणीतून बिनबोभाट खाली पडणार. म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. ज्याचे लेखन तपासायचे त्याने यादीला हात लावू नये; त्या कामासाठी दुसरा माणूस असावा. प्रत्येक बदलाशेजारी एक ओळ असावी : कोणता शब्द, कुणी, कधी, का. आणि हिरव्या कागदासोबत ती ओळही ग्राहकाकडे जावी. हा कारकुनी थाट वाटेल. पण किराणा दुकानदाराच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का आपण मागतोच ना? तराजू स्वतः दुकानदारच तपासतो म्हटले तर आपल्यापैकी किती जण साखर घेतील?

हल्ली असेही ऐकू येते की शब्दयाद्यांचे दिवस संपले, आता सबंध वाक्याचा अर्थ लावणारी भाषिक प्रारूपे आली आहेत, त्यांना साध्या भाषेत सांगितले की झाले. झाले खरे, पण काय सांगायचे? 'अस्पष्ट वाक्ये दाखव, मात्र फार काटेकोरपणा नको, प्रकल्पाला योग्य असे पाहा.' म्हणजे पूर्वी जी सेटिंग चौकटींत होती ती आता गद्यात आली आणि त्या गद्यात 'फार' आणि 'योग्य' हे आपले जुने दोस्त पुन्हा हजर! चाळणीलाच आता चाळायची पाळी. निबंध तपासणारे जे आपण, त्यांचे काम कमी होण्याऐवजी वाढले आहे.

इथवर सगळे इंग्रजीविषयी झाले. ही सॉफ्टवेअरे मुळात इंग्रजीसाठी विणलेली. तीच उचलून मराठीला लावली तर काय होईल याचा विचार आपण नाही तर कुणी करायचा? इंग्रजीत कर्मणी रचना दिसली की चाळणी ओरडते, कारण तिथे कर्ता लपवता येतो. मराठीत 'चालकाने ब्रेक दाबला' हे साधे वाक्यच कर्मणी आहे आणि चालक त्यात ठळक उभा आहे. इंग्रजी सेटिंग जशीच्या तशी आणली तर मराठीतले अर्धे भूतकाळ तांबडे होतील आणि खरा चोर सुटून जाईल. आपला खरा चोर आहे 'करण्यात यावी'. 'आवश्यक ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.' सात शब्दांच्या आतले हे वाक्य महाराष्ट्राच्या कोणत्याही कचेरीत सापडेल. आवश्यक कोणती? तातडीने म्हणजे आज की या महिन्यात? आणि करायची कुणी? तिन्ही प्रश्नांतून वाक्य सहीसलामत बाहेर पडते. राजभाषेच्या कामासाठी १९६० साली आपल्याकडे भाषा संचालनालय निघाले, परिभाषाकोश झाले, नामांना प्रतिशब्द मिळाले. क्रियापदाच्या या पळवाटेकडे मात्र कुणाचे तितकेसे लक्ष गेले नाही.

शिवाय विध्यर्थ आहेच. शाळेत आपण घोकले की 'वा-वी-वे' प्रत्ययाने कर्तव्य, इच्छा, शक्यता, योग्यता असे अनेक अर्थ निघतात. 'वडीलधाऱ्यांचा मान राखावा' हे कर्तव्य. 'एकदा काश्मीर पाहावे' ही इच्छा. 'एव्हाना गाडी पुण्याला पोहोचली असावी' हा अंदाज. 'विनोद करावा तर पुलंनीच' ही पावती. आता 'दाब वाढल्यास झडप उघडावी' या वाक्यात यांतला कोणता अर्थ घ्यायचा? बॉयलरजवळ उभा असलेला माणूस व्याकरण उघडून बसणार नाही. मराठी चाळणीत सक्तीसाठी 'उघडलीच पाहिजे' ठेवायचे की 'उघडणे बंधनकारक राहील'? मनाईसाठी 'नये' पुरेल की 'कामा नये' हवे? 'शक्यतो' आला की वाक्य थांबवायचे की विचारायचे, 'शक्य नसेल तर काय'? 'वगैरे' आणि 'इत्यादी' यांचे काय करायचे?

या यादीची सुरुवात करायला संगणकही लागत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या सूचना-फलकावर वर्षभरात लागलेल्या सूचना तृतीय वर्षाच्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी गोळा कराव्यात आणि तांबड्या पेन्सिलीने खुणा कराव्यात. शुल्क 'विहित मुदतीत' भरावे, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत? ओळखपत्र 'आवश्यकतेनुसार' दाखवावे, म्हणजे कुणाच्या आवश्यकतेनुसार? मग वर्गात बसून एकेका शब्दावर वाद घालावा, यादीत ठेवायचा की काढायचा, आणि ठरेल त्याशेजारी वहीत कारण लिहावे. 'परीक्षेस बसू दिले जाणार नाही' या वाक्यावर तर एक सबंध तास जाईल, कारण त्यातला 'बसू न देणारा' कोण हे अजून कुठल्याच सूचनेत सापडलेले नाही.